गावाचं नाव नीट लिहून देणारा पेंटर

साताऱ्यात कुणाला गावाच्या नावाची पाटी रंगवून घ्यायची असेल, तर राजवाड्याच्या मागच्या बोळात ‘पेंटर काका’ म्हणून विचारा. वेळ लागतो, पैसे फ्लेक्सपेक्षा बरेच जास्त जातात आणि पहिल्या भेटीत काका ब्रशला हातही लावत नाहीत. तरीही जा. आमच्या गोदामातल्या सगळ्या पाट्या आणि गाड्यांवरचे मार्गाचे बोर्ड त्यांनी केले. एक अख्खा साताऱ्याचा पावसाळा त्यावरून गेला, रंग कुठे फुगला नाही. पण मी हे लिहायला बसले ती रंगासाठी नाही. गावाचं नाव त्या गावच्या माणसाला वाचून बरं वाटेल असं लिहिणारा माणूस आता सहज भेटत नाही, तो आपल्याकडे आहे, हे लोकांना कळावं म्हणून लिहितेय.

आमचा धंदा पार्सलचा. सासऱ्यांनी सुरू केला, आता मी आणि धाकटे दीर बघतो. पुण्या-मुंबईचा माल रात्री उतरतो, पहाटे गोदामात गावाप्रमाणे लागतो आणि उजाडायच्या आत छोट्या गाड्या वाई, मेढा, कोरेगाव, फलटण, दहिवडी, कराड, पाटण आणि खाली सांगली-मिरजेपर्यंत निघतात. पोरं पार्सलवरचं नाव वाचतात, कप्प्यावरची पाटी वाचतात आणि टाकतात. पाटी चुकली की माल दुसऱ्या तालुक्यात, आणि गिऱ्हाईक फोनवर.

आपल्याकडची नावं तर अशी की बाहेरच्याने गोंधळावंच. कवठे म्हटलं की कुठलं? वाई तालुक्यात एक कवठे आहे, किसन वीरांचं. सांगली जिल्ह्यात कवठे महांकाळ हा तालुकाच आहे. तासगाव तालुक्यात दसऱ्याच्या आतषबाजीचं कवठे एकंद, मिरज तालुक्यात कवठेपिरान. वाठार तर आमच्या पोरांचं रोजचं दुखणं: वाठार स्टेशन, वाठार किरोली, वाठार निंबाळकर, शिवाय कराडच्या पुढे हायवेवरचं वाठार. नागठाणे एक आमच्या सातारा तालुक्यातलं, दुसरं पलूस तालुक्यातलं, बालगंधर्वांचं. पुण्यात भरलेल्या पार्सलवर नुसतं ‘औंध’ लिहिलेलं असेल तर ते आधी पुण्यातल्या औंधला फिरून येतं, मग आमच्याकडे, मग पंतप्रतिनिधींच्या औंधला. खंडाळा म्हटलं की लोकांना लोणावळ्याचा आठवतो, कुडाळ म्हटलं की सिंधुदुर्गातलं. जावळीतल्या कुडाळच्या दुकानदारांचा माल त्यापायी कितीदा अडकलाय.

या कप्प्यांसाठी आम्ही आधी एका दुकानातून फ्लेक्सच्या पाट्या करून घेतल्या होत्या. बिलांच्या संगणकातून गावांची यादी इंग्रजीत निघते, तीच दिली गेली. तिथल्या मुलाने ती यंत्राला दिली आणि जे मराठी बाहेर आलं ते छापलं. मेढ्याचं ‘मेधा’ झालं. माणचं ‘मॅन’. वाळव्याचं ‘वालवा’, शिराळ्याचं ‘शिराला’, विट्याचं ‘वीटा’, आणि बारा मोटांच्या विहिरीचं लिंब ते ‘लिम्ब’. यात त्या मुलाचा एकट्याचा दोष नाही. इंग्रजीत गेलं की ट आणि त एक होतात, ड आणि द एक होतात, ण-न आणि ळ-ल यांच्यातला फरक पुसला जातो. तिथून परत मराठीत येताना यंत्र अंदाज करतं, आणि त्याच्या अंदाजाला आपला तालुका माहीत नसतो. पण माणूस समोर बसलेला होता. त्याने एकदा विचारलं असतं तर भागलं असतं.

मेढ्याच्या गाडीवरचा आमचा ड्रायव्हर कुणाशी काही बोलला नाही. त्याने वहीचा कागद फाडला, पेनाने ‘मेढा’ लिहिलं आणि त्या पाटीवर चिकटपट्टीने लावलं. तो कागद मी पाहिला आणि त्याच आठवड्यात पेंटर काकांकडे गेले.

काकांनी सासऱ्यांच्या पहिल्या गाडीचा हौदा रंगवला होता, म्हणून मला ते ‘सूनबाई’च म्हणतात. छपाई केलेली यादी त्यांनी बघितलीच नाही. “हाताने लिहून आणा, मराठीत. आणि त्या त्या गावाकडचा एकेक माणूस आणता आला तर बघा.” मी ड्रायव्हरांना घेऊन गेले. मग प्रत्येक नावाला काकांचे ठरलेले प्रश्न. गावात काय म्हणतात? तिकडे निघालात तर घरी काय सांगून निघता? सातबाऱ्यावर काय आहे?

मधला प्रश्न मला फार आवडला. घरातून निघताना कुणी ‘मेढाला चाललो’ म्हणत नाही, ‘मेढ्याला’ म्हणतो. तसंच विट्याला, आष्ट्याला, शिराळ्याला, कवठ्याला, नागठाण्याला. नावाला ‘ला’ लावून बोललं की त्यातला ढ, ट, ळ की ण ते कानाला स्पष्ट कळतं. शेवटी काना आहे की मात्रा, ते मात्र त्यातून कळत नाही. म्हणून एखाद्याला पाटीवर ‘नागठाणा’ हवं असेल, तर काका त्याला गावातल्या म्हाताऱ्या माणसाने उच्चारलेलं नाव आणायला सांगतात. सातबाऱ्याचा प्रश्न वेगळ्या कारणासाठी. सरकारी कागदात गावाच्या नावाला शेपूट असतं, आणि बोलताना ते गळतं. चिंचणेर म्हणून भागत नाही, चिंचणेर वंदन वेगळं आणि चिंचणेर निंब वेगळं. अंगापूर वंदन वेगळं, अंगापूर तर्फ तारगाव वेगळं. बुद्रुक-खुर्द तर सगळ्यांना ठाऊक आहे, फारसीतलं थोरलं आणि धाकटं. पण तर्फ म्हणजे परगण्याचा पोटभाग, कसबा म्हणजे बाजाराचं मोठं गाव आणि मौजे म्हणजे साधं खेडं, हे मी तिथे पाटीसमोर बसून शिकले. सांगलीजवळ कसबे डिग्रज आणि मौजे डिग्रज आहेत. आता ही दोन नावं वाचली की दोन गावांचा जुना मान डोळ्यासमोर येतो. पार्सलच्या पाटीवर म्हणूनच शेपूट हवं. ते सजावटीला लावलेलं नाही, गाव ओळखायला लावलेलं आहे.

कराडला आमचं अडलं. कराडचा ड्रायव्हर म्हणाला, कराड. त्याच्याबरोबर आलेले ओगलेवाडीचे गृहस्थ म्हणाले, कऱ्हाड. दोघंही तिथलेच. काकांनी विचारलं, “तुमच्या आजोबांचं पत्र यायचं त्यावर काय असायचं?” गृहस्थ म्हणाले, कऱ्हाडच. वर्तमानपत्रांतही दोन्ही दिसतात. इथे मला थोडं सांगायचंय, कारण हे नाव आपल्या भागातल्या सगळ्यांत जुन्या नावांपैकी आहे. महाभारतात सहदेवाच्या दक्षिण दिग्विजयात करहाटक येतं. मध्य प्रदेशातल्या भारहुतच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या लेखांत करहकट हे गाव आहे, म्हणजे दोन हजार वर्षांहून जुनं. करहाटकमधला ट पुढे ड झाला, शेवटचा क गळला, आणि र-ह जवळ येऊन कऱ्हाड झालं. कऱ्हाडे ब्राह्मण हे नावही तिथलंच. ‘कराड’ लिहिताना गेला तो ‘ह’, एवढ्या वाटचालीत टिकून राहिलेला. म्हणून मला तो जपावासा वाटतो.

पण तो लिहिणार कसा? संगणकावर बऱ्याच ठिकाणी ‘कर्हाड’ होतं, रफार डोक्यावर चढतो. तसा उच्चार नाहीच आपला. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या, हा फरक शाळेत शिकवतात. कऱ्हाडातला र दऱ्यांमधला, हलका. साताऱ्यात म्हणतानाही तोच.

हे अक्षर काकांना करताना मी समोर बसून पाहिलं. पत्रा आधीच घासून, प्रायमरचे दोन हात देऊन वाळवलेला. त्यावर खडूच्या भुकटीत भिजवलेली दोरी ताणून दोन रेषा उठवल्या, एक शिरोरेषेची आणि एक खालची. काका अक्षरं आधी काढतात, शिरोरेषा अगदी शेवटी. क झाला, मग जागा सोडली. ती जागा किती सोडायची हेच कसब, कारण त्या आडव्या र ला स्वतःचा दांडा नाही, तो ह च्या डाव्या अंगाला टेकून बसतो. कमी सोडली तर ह मध्ये बुडतो, जास्त सोडली तर वेगळी खूण वाटते. बारीक ब्रश घेऊन त्यांनी तो एका वळणात काढला: वरून थोडा जाड, ह ला भेटताना बारीक. मग ह, त्याचा काना, ड. मग श्वास रोखून डावीकडून उजवीकडे शिरोरेषा. ओगलेवाडीचे गृहस्थ तोवर थांबले होते. वाचून म्हणाले, “हां. हे आमचं.”

गोदामातल्या कप्प्यावर मात्र मी ‘कराड’च लिहून घेतलं. काकांना ते पटलं नाही, त्यांनी दोनदा विचारलं. पण पार्सलवर लोक कराड लिहितात, तालुक्याचं सरकारी नाव कराड आहे, आणि पहाटे चारला पोरांनी क्षणभरही अडखळू नये. ‘कऱ्हाड’ गाडीच्या कपाळावर आणि ऑफिसच्या दर्शनी भिंतीवर आहे. कामाची पाटी वेगळी आणि मानाची पाटी वेगळी, असं मला वाटतं. यावर आमचं अजून एकमत नाही.

शुद्धलेखनात काका पक्के आहेत, आणि हा त्यांच्याकडे जाण्याचा मोठा फायदा. गावाच्या नावातलं ‘पूर’ दीर्घ, हा मराठी लेखनाचा नियमच आहे. रहिमतपूर, मलकापूर, कोल्हापूर. हिंदीत ऱ्हस्व लिहितात, आणि आता हायवेवरच्या काही पाट्यांवर ‘कोल्हापुर’ बघून बघून आपल्याही डोळ्यांना ते सवयीचं व्हायला लागलंय. काकांकडे ऱ्हस्व पुर मिळणार नाही. अनुस्वाराचंही तसंच. आमच्या जुन्या पाटीवर ‘तासगांव’, ‘कोरेगांव’, ‘पांचगणी’ असं होतं. 1962 च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, तेव्हापासून तासगाव, कोरेगाव, पाचगणी. गंमत वाटेल, पण तो काढून टाकलेला अनुस्वार इंग्रजीत अजून जिवंत आहे. आपण ‘गाव’ लिहितो, इंग्रजीत मात्र जी-ए-ओ च्या पुढे एन येतोच. बेळगावच्या जुन्या इंग्रजी स्पेलिंगमधला शेवटचा एम तोच. गांवचं नाकातलं बोलणं ऐकून कुणीतरी कधी तो अक्षरात धरला, आपण पुढे तो सोडून दिला, त्यांचा राहिला.

इंग्रजी स्पेलिंगच्या बाबतीत मला काकांशी वाद घालावा लागला नाही, त्यांचं मत माझ्यासारखंच आहे. जे चालत आलंय ते ठेवायचं. वाई डब्ल्यूने, विटा व्हीने. वाठार स्टेशनला डब्ल्यू आहे तर डब्ल्यू. बाहेरचा ट्रकवाला फोनमध्ये जे टाकून शोधणार तेच पाटीवर हवं. नियमाने सगळे व एकाच अक्षराने लिहायला गेलो तर त्याला वाई सापडणार नाही. फक्त जावळीला काय करावं हे ठरेना, कारण ते जे-ए-ओ ने सुरू होणारंही दिसतं आणि जे-ए-डब्ल्यू नेही. शेवटी तालुक्याच्या गावाचं, मेढ्याचंच नाव घातलं.

ही स्पेलिंगं कुणाच्या घरची नाहीत, तीही बदलत आली. कंपनीच्या काळात इंग्रज ऐकतील तसं लिहायचे. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना 1839 मध्ये गादीवरून काढलं आणि रंगो बापूजी त्यांची बाजू मांडायला लंडनला गेले, त्या सगळ्या प्रकरणाच्या इंग्रजी कागदांत साताऱ्यात दोन टी आहेत. 1848 मध्ये राज्य खालसा झालं तेही दोन टी असलेलं. पुढे 1870 च्या दशकात हंटरसाहेबाची अक्षराला अक्षर पद्धत सरकारने घेतली आणि एक टी गेला. ज्या नावांचं स्पेलिंग फार रुळलं होतं ती तशीच राहिली, म्हणून पुण्याचं ‘पूना’ कितीतरी वर्षं टिकलं.

सासऱ्यांच्या पेटीत सापडलेली एक पावती मी काकांना दाखवायला नेली होती. त्यावर सांगलीच्या पत्त्याखाली जिल्हा ‘द. सातारा’. दिरांना तो छापखान्याचा घोळ वाटला. घोळ नव्हता. 1949 मध्ये संस्थानं विलीन झाल्यावर दक्षिण सातारा नावाचा जिल्हा झाला होता, आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली झालं. काकांनी स्वतः त्या नावाचा बोर्ड कधी केला नाही, पण त्यांच्या वडिलांनी केला होता. पावती त्यांनी बराच वेळ हातात धरली, ‘द’ च्या पुढच्या टिंबावर बोट ठेवून म्हणाले, “एवढ्याशा जागेत अख्खी दिशा बसवलीय.”

आता जिथे सावध राहावं ते सांगते. चहा आला की काका नावांच्या गोष्टी सांगतात, आणि सगळ्या एकाच खात्रीने सांगतात. सांगली म्हणजे सहा गल्ली. सातारा म्हणजे किल्ल्याच्या सात तारा. पाचगणी म्हणजे पाच डोंगर. ऐकायला छान आहे, लहानपणापासून आपण ऐकतोच. पण 1885 च्या सातारा गॅझेटियरमध्ये नाव सतरावरून आल्याचं दिलंय, किल्ल्याच्या सतरा भिंती, बुरूज आणि दरवाजे म्हणून. सात की सतरा, यावर चहा संपतो. मला विचाराल तर अशा गोष्टी बहुतेक नाव झाल्यानंतर नावाच्या आवाजावरून जुळवलेल्या असतात. आकडा मिळाला की गोष्ट लगेच तयार होते. काकांकडून पाटी घ्या, गोष्टी ऐका, पण शाळेच्या स्मरणिकेत छापायच्या असतील तर आधी ताडून पाहा.

याउलट ज्यांचा कागद आहे त्या नावांच्या गोष्टी जास्त खोल आहेत. आपल्या डोक्यावरच्या किल्ल्याचंच घ्या. 1700 मध्ये औरंगजेबाने तो घेतला आणि शहजादा आझमच्या नावाने आझमतारा केला. त्याच वर्षी सज्जनगडही घेतला, त्याला नौरसतारा म्हटलं. सज्जनगड हेही पहिलं नाव नव्हे, तो त्याआधी परळीचा किल्ला. ताराराणींच्या काळात मराठ्यांनी सातारचा किल्ला परत घेतला आणि तो अजिंक्यतारा झाला. म्हणजे नाव बदलणाऱ्याने पुढचा शब्द बदलला, ‘तारा’ला त्यांनीही हात लावला नाही आणि आपणही नाही. नौरसतारा तर आता कुणाच्या तोंडी नाही. परळी अजून आहे, पायथ्याला.

आणि काही नावं तर आपल्या आजोबा-पणजोबांच्या डोळ्यांदेखत झाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानच्या माळावर कारखाना मांडला तेव्हा तिथलं रेल्वे स्टेशन कुंडल रोड होतं. आज स्टेशन किर्लोस्करवाडी आहे. कराडजवळ काचेचा कारखाना आणि प्रभाकर कंदील, त्यावरून ओगलेवाडी. सांगलीचा आयर्विन पूल 1929 चा, व्हाइसरॉय आयर्विनच्या नावाचा. व्हाइसरॉय कोण होता हे पोरांना ठाऊक नाही, पण कृष्णेला पूर आला की पाणी किती चढलं ते आयर्विनवरच मोजतात. महाबळेश्वरच्या बाजारपेठेला गव्हर्नर माल्कमच्या नावाने मालकमपेठ म्हणायचे; ते नाव जुन्या कागदांपुरतं राहिलं, महाबळेश्वर पुन्हा वर आलं.

आत्ता आमचं एक काम काकांकडे पडून आहे, ते इस्लामपूरच्या मार्गाचं. 2025 मध्ये सरकारने ईश्वरपूर नाव करण्याचा निर्णय जाहीर केला. पार्सलवर अजून दोन्ही नावं येतात. त्या भागातले जुने लोक उरुण म्हणतात ते वेगळंच. काकांचा सल्ला असा की नवं नाव मोठं, जुनं नाव खाली लहान, आणि मध्ये जागा इतकी की उद्या खालची ओळ रंगवून टाकता येईल. मला तो पटलाय. नावावर लोकांची मनं गुंतलेली असतात, दोन्हीकडची. आमच्या पाटीचं काम मात्र एवढंच की त्या गावातल्या कुणाचाही माल परत जाऊ नये.

तक्रारी आहेत, त्याही लिहिते. सांगितलेल्या तारखेला काम मिळत नाही. आमच्या पाट्या दोन टप्प्यांत आल्या आणि मधल्या काळात गोदामात खडूने लिहून भागवावं लागलं. फोन उचलत नाहीत, जाऊनच विचारावं लागतं. काकांची मराठी अक्षरं जितकी देखणी, तितकी इंग्रजी नाहीत. ती त्यांचा मुलगा रेडियम कापून चिकटवतो, आणि काठावरची एक-दोन अक्षरं उन्हाने उचलली गेली. नंतर सांगितल्यावर बदलून दिली, पण हायवेच्या गाडीला इंग्रजीही रंगवूनच घ्या, आग्रह धरा. लाल आणि पिवळा रंग उत्तम टिकतो, निळा त्यांच्याकडचा मला फिका वाटला. भाव अक्षरावर लावतात, जोडाक्षराला थोडा जास्त. लांब नावाच्या गावांना महाग पडतं. कवठे महांकाळ आणि वाठार निंबाळकरच्या पाट्यांना साताऱ्याच्या पाटीपेक्षा कितीतरी जास्त पैसे गेले. मला यात काही गैर वाटत नाही, काम तेवढं असतं. पण आधी विचारून घ्या. पक्कं बिल हवं असेल तर कामाच्या सुरुवातीलाच सांगा, शेवटी मागितलं तर आणखी चार फेऱ्या होतात.

फ्लेक्सवाल्यांना माझं एकच सांगणं आहे. तुमचं यंत्र वेगाने काम करतं, स्वस्तात करतं, आणि आम्हाला त्याची गरजही आहे. यात्रेचा, वाढदिवसाचा बोर्ड कुणी हाताने रंगवत बसणार नाही. पण छापायच्या आधी गिऱ्हाइकाला पडद्यावर नाव दाखवा आणि मोठ्याने वाचायला सांगा. ‘मेधा’ वाचल्यावर मेढ्याचा कुठलाही माणूस तिथल्या तिथे थांबवेल. याला ना पैसे लागतात, ना वेळ.

काकांकडे जाणार असाल तर: दुकान सकाळी उशिराच उघडतं, दुपारी जेवायला बंद असतं, संध्याकाळी दिवे लागेपर्यंत काम चालतं. दिव्यात ते रंगकाम करत नाहीत, पण बोलायला बसतात, म्हणून यादी घेऊन संध्याकाळी जाणं बरं. दसऱ्याच्या आधीचा महिना टाळा, तेव्हा गाड्यांची रांग असते. अर्धे पैसे आधी द्यावे लागतात. यादी मराठीत, स्वतःच्या हाताने, प्रत्येक गावापुढे तालुका लिहून. ग्रामपंचायतीची किंवा सोसायटीची पाटी असेल तर ठरावाची प्रत न्या. ठरावात आणि गावाच्या बोलण्यात फरक दिसला तर काका काम थांबवून सरपंचांना बोलावून घेतात, तेवढा वेळ हाताशी ठेवा.